रुसलाय, हिरमुसलाय की वैतागलाय? मुलांना भावना ओळखायला आणि सांभाळायला शिकवताना

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधे सातव्या मजल्याचं बटण दाबणं हा आमच्या धाकट्याचा हक्क आहे, म्हणजे तो तसं मानतो. दोन वर्षांपूर्वी, तेव्हा तो चारचा होता, बालवाडीतून घरी येताना पाचव्यावरचे काका आमच्याबरोबर लिफ्टमधे शिरले आणि भलेपणाने पाच आणि सात दोन्ही बटणं त्यांनीच दाबून टाकली. झालं. पोरगं लिफ्टच्या फरशीवर आडवं, दप्तर एकीकडे, पाण्याची बाटली गडगडत दुसरीकडे, आणि असा टाहो की काका बिचारे तिसऱ्यालाच उतरतो म्हणायला लागले. मी काय केलं? "एवढ्याशा बटणासाठी कोणी रडतं का, ऊठ बघू आधी, लोक काय म्हणतील." मग आवाज चढवला, मग हाताला धरून ओढत घरात आणलं. सासूबाई गवार निवडत बसल्या होत्या, त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं ओरडू नको त्याला. तो रागावला नाहीये, हिरमुसलाय."

हा शब्द मी शेवटचा कधी वापरला होता तेही आठवेना. माझ्याकडे सगळ्याला एकच, चिडलाय. झोप आली तरी चिडलाय, मित्रांनी खेळायला घेतलं नाही तरी चिडलाय, आणि चिडलेल्या पोराला आपण काय करतो तर गप्प बसवतो. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, बटणाबद्दल चकार शब्द काढला नाही, पाठीवरून हात फिरवला, चार शेंगा मोडायला दिल्या आणि सात-आठ मिनिटांत मामला खलास. तेव्हा डोक्यात जे शिरलं तेच इथे सांगायचंय: पोराला नक्की काय होतंय त्याचा बरोबर शब्द सापडला की पुढे काय करायचं ते बरंचसं आपलं आपल्यालाच कळतं, आणि हे शब्द मराठीत पोत्याने पडलेत, आपणच वापरायचे सोडलेत.

मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही. कांजूरमार्गला वन बीएचकेत आम्ही पाच माणसं राहतो, मी फोर्टला नोकरी करते, थोरली आता दहाची, धाकटा सहाचा. थोरली सातची असताना तिने शाळेची इतकी धास्ती घेतली होती की आम्ही पाच-सहा महिने एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जात होतो. तिथे शिकलेलं, नंतर वाचलेलं आणि घरात ठेचा खाऊन कळलेलं असं सगळं मिळून लिहितेय. लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मेंदूचं

हे माहीत असलं की निम्मा राग आपला आपणच उतरतो. मेंदूत खोल आत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका दिसला की घंटी वाजवायचं काम त्याचं, आणि तो लहानपणापासून जोरात चालू असतो. पण "थांब, विचार कर, बटणच तर आहे" हे सांगणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे चार वर्षांचं पोर मुद्दाम नाटक करतंय असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे ब्रेकच अजून बसवलेला नसतो. दीड ते चार वर्षांच्या मधे असे थयथयाट सगळ्यात जास्त, आणि आपण तेल ओतलं नाही तर बहुतेक पाच-दहा मिनिटांत ओसरतात. आपल्याला ती पाच मिनिटं तासाएवढी वाटतात ती गोष्ट वेगळी.

पायरी १: आधी आपली वाफ

पोराला शांत करायला आपण शांत लागतो, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. संध्याकाळची धीमी लोकल, तासभर उभं राहून, कोणाची तरी पर्स बरगडीत, कांजूरला उतरायचं म्हणजे भांडूनच दाराशी यायचं, मग पुलावर गर्दी, आणि घराचं दार उघडल्या उघडल्या दोघं एकमेकांच्या झिंज्या धरून. कुठून आणायची शांती?

मला जे जमलं ते असं. बिल्डिंगखाली बाकडं आहे तिथे मी तीन मिनिटं बसते. मोबाईल काढत नाही. घरी मेसेज केलेला असतो, "पोचले, येतेच." घरात शिरले की आधी हातपाय धुवायचे, मग पंधरा मिनिटं फक्त पोरांची, भाजी नंतर. ऐकायला किरकोळ वाटेल पण आमच्याकडची सगळ्यात मोठी भांडणं माझ्या पहिल्या पंधरा मिनिटांत व्हायची, ती निम्म्यावर आली.

आपल्या चेहऱ्याचा मुलांवर किती परिणाम होतो यावर एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी छान खेळत असते, मग तिने दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा, काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पसरतं, आवाज काढतं, आणि मग पार कोलमडतं. मला हे वाचून धडकीच भरली होती, कारण मोबाईलमधे तोंड घातलं की माझा चेहरा साधारण तसाच असतो. पण त्याच प्रयोगात पुढे आई परत हसते, जवळ घेते, आणि बाळ सावरतं. म्हणजे आपण चुकणार, ओरडणार, कोरे होणार, हे धरूनच चालायचं, परत यायचं विसरायचं नाही. मी ओरडले तर नंतर सरळ सांगते, "मघाशी मी फार मोठ्याने ओरडले, ते चुकलं माझं." याने आईचा धाक जातो असं आमच्याकडे काही जणांचं मत होतं. धाकट्याला धाक आधीही नव्हता.

पायरी २: अंगात कुठे होतंय

लहान मुलांना "तुला काय वाटतंय" विचारलं तर ती खांदे उडवतात, कारण त्यांना वाटण्याच्या आधी दुखतं. थोरली तीन महिने दर सोमवारी सकाळी पोट धरून बसायची, आम्ही ओवा दिला, जंताचं औषध दिलं, सोनोग्राफीसुद्धा झाली, सगळं नॉर्मल. पोट खरंच दुखत होतं बरं का, खोटं बोलत नव्हती, फक्त कारण पोटात नव्हतं. आपल्या भाषेला हे आधीपासून माहितीय बघा, पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, कान तापतात, घसा दाटतो, हातपाय गळतात.

एक खेळ सांगते, त्या बाईंनीच शिकवलेला. जुन्या पेपरची चार पानं चिकटवा, पोराला त्यावर उताणं झोपवा, स्केचपेनने त्याची आउटलाइन काढा. मग विचारा, राग येतो तेव्हा कुठे गरम होतं तिथे लाल रंग, भीती कुठे बसते तिथे निळा. थोरलीने पोटात निळा गोळा काढला, धाकट्याने दोन्ही तळहात लाल केले. तेव्हा मला कळलं की तो मारायच्या आधी हात असे मिटतो. आता ती मूठ दिसली की मी आधीच पोचते, "हात गरम झाले का रे?" यात दहापैकी पाच वेळा मारामारी होतच नाही, उरलेल्या पाचांबद्दल पुढे लिहिलंय.

पायरी ३: शब्द

ही सगळ्यात मोठी पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

भावनेला नाव दिलं की ती जरा निवते, हे नुसतं आजीचं शहाणपण नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत मॅथ्यू लिबरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मधे मोठ्या माणसांवर केलेलं काम आहे, रागावलेले-घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तर मघाशी म्हटलं त्या अमिग्डालाची धावपळ कमी झालेली स्कॅनमधे दिसली. मोठ्यांना फरक पडतो तर मुलांना नाव शिकवायला काय हरकत आहे. मानसतज्ज्ञ बाईंनी मला हेच सांगितलं होतं, भावनेला नाव द्या, मी मान डोलावली, पण नावं कुठली तर थोरलीच्या शाळेतल्या चार्टवरची, हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड. चार डब्यात सगळं कसं मावणार?

तर सासूबाईंच्या डब्यातले हे, आणि प्रत्येकाला करायचं वेगळं आहे ते नीट बघा.

रुसलाय म्हणजे त्याला आपण हवे आहोत, फक्त आधी आपण यावं असं त्याला वाटतंय. रुसव्याला मनधरणी लागते, थोडी लाडीगोडी, थोडी थट्टासुद्धा चालते. हिरमुसलाय म्हणजे त्याने मनात काहीतरी रंगवलं होतं आणि ते झालं नाही. इथे थट्टा केलीत तर संपलंच, इथे नुसतं जवळ घ्यायचं आणि "तुला दाबायचं होतं ना ते बटण" एवढंच म्हणायचं. वैतागलाय म्हणजे बहुतेक करून भूक, झोप, उकाडा, नाहीतर मानेला टोचणारं शर्टाचं लेबल, इथे बोलायचं काहीच नाही, वरण-भात. चरफडतोय म्हणजे करायला गेला आणि हाताला जमत नाहीये, बुटाची लेस, ब्लॉक्सचा पूल. इथे हातातून काढून घेऊन आपण करून दिलं की अजून पेटतो, त्यापेक्षा "एक टोक मी धरू का?"

ओशाळलाय, हा मला सगळ्यात उशिरा ओळखता आला. चारचौघांत चूक झाली की पोर ओशाळतं, आणि ओशाळलेलं पोर रडतंच असं नाही, ते बरेचदा फिदीफिदी हसतं किंवा उद्धट बोलतं, आणि आपण म्हणतो याला काही लाजच नाही. अहो लाजच तर आहे. अशा वेळी त्याच्याकडे थोडा वेळ बघायचंच नाही, पाहुण्यांसमोर तो विषय काढायचा नाही आणि माफी माग, माफी माग करून त्याला कोपऱ्यात तर मुळीच घ्यायचं नाही.

भीतीत पण प्रकार आहेत. गॅदरिंगच्या आधी होते ती धाकधूक, तिच्यात थोडी मजाही असते, तिला "सगळ्यांना होते" एवढं पुरतं. रोजच्या रोज मन खाते ती धास्ती, तिच्या मागे काहीतरी असतं ते शोधावं लागतं, थोरलीच्या बाबतीत ते पाढे होते, चुकलं की वर्गात उभं राहावं लागायचं. आणि धसका, तो एकदा काहीतरी घडून बसतो, कुत्रा अंगावर आला, लिफ्ट मधेच बंद पडली. धसक्याला समजावून काही होत नाही, हात धरून थोडं थोडं जवळ न्यावं लागतं, आधी लांबून कुत्रा बघायचा, मग रस्त्याच्या पलीकडून, घाई नाही.

शिवाय हेवा. बहिणीला नवी सायकल आली आणि याला हेवा वाटला की आपण लगेच "असं वाटून घेऊ नये." वाटून झालंय ऑलरेडी. "तुलाही हवी होती ना" म्हटलं तर निदान तो बोलतो, नाहीतर रात्री सायकलची हवा गेलेली असते, अनुभव आहे.

आपल्याकडे नाटकवाल्यांनी नवरस सांगितले त्यात रौद्र आहे, भयानक आहे, बीभत्ससुद्धा आहे, कोणालाही घाणेरडा म्हणून रांगेबाहेर काढलेलं नाही. घरात मात्र आपण आनंद आणि शांत हे दोनच ठेवतो, आणि मुलगा असेल तर करुणाला तर दारातूनच परत पाठवतो, "बायकांसारखा रडतोस काय." हे वाक्य आमच्याकडे बंद करायला वर्ष लागलं, आणि ते म्हणणाऱ्यांत मीपण होते.

शब्द शिकवायचे कसे? बसवून शिकवायचे नाहीत, वापरायचे. आधी स्वतःबद्दल, मोठ्याने: "आज मला वैताग आलाय, गाडी विक्रोळीला वीस मिनिटं थांबून होती, तुझ्यामुळे नाही हं." हे तुझ्यामुळे नाही फार महत्त्वाचं, कारण लहान मुलांना घरातला प्रत्येक आंबट चेहरा आपल्यामुळेच वाटतो. मग दुसऱ्यांबद्दल: प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना आम्ही हळूच खेळतो, त्या काकांना काय वाटत असेल, त्यांची गाडी आत्ताच सुटली, मग धाकटा सांगतो "चुटपुट." आणि मग त्याच्याबद्दल, पण प्रश्न म्हणून, निकाल म्हणून नाही. "तू रुसलायस" म्हटलं की तो "नाही रुसलो" ओरडतो, "रुसलायस का रे, की दमलायस?" विचारलं की निदान विचार करतो, आणि कधीकधी आपल्याला दुरुस्तही करतो, तेव्हा ऐकायचं. इंग्लिश शब्द बोलला तरी हरकत नाही, थोरली "आय अ‍ॅम सो फ्रस्ट्रेटेड" म्हणते, चालतंय की, नाव दिलंय ना.

पायरी ४: तमाशा चालू असताना

चालत्या गाडीतून उतरायचं नाही हे मुंबईतल्या पोराला चालायला लागल्यापासून सांगतो ना आपण, तेच इथे. गाडी फुल स्पीडमधे असताना समजावणं, कारणं विचारणं, बोधकथा सांगणं हे सगळं चालत्या गाडीतून उतरण्यासारखं आहे. ऐकणारा भाग तेव्हा बंद असतो.

मग करायचं काय तर फार थोडं. आजूबाजूचं टोकदार, काचेचं, गरम बाजूला. आपण खाली बसायचं, समोरासमोर डोळ्यात डोळे घालून नाही तर जरा तिरकं. एका वेळी चार-पाच शब्द, त्याहून जास्त नाही: "मी इथेच आहे." "कळलं, हवं होतं." का रडतोस हा प्रश्न तर मुळीच नाही, त्याला माहीत असतं तर रडला नसता. जवळ घेऊ का विचारायचं, नको म्हणाला तर हातभर लांब बसायचं पण उठून जायचं नाही. आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड आहे, मी मनात बदलापूरपर्यंतची स्टेशनं मोजते.

पण शांत राहायचं म्हणजे सगळं चालवून घ्यायचं असं नाही, इथे बरेच लोक घसरतात. राग चालेल, मारणं चालणार नाही. तो मारायला आला की हात धरायचा, घट्ट पण दुखेल असा नाही, "मारू देणार नाही मी," बस्स. फेकलेली वस्तू बाजूला जाते. उलटा हात उचलायचा नाही. मी एकदा उचललाय, आणि त्यानंतर दोन दिवस तो बाहुलीला तसंच मारत होता, त्याच आवाजात, अगदी माझ्याच आवाजात.

बाहेर असाल तर जागा बदला. सुपरमार्केटच्या रांगेत पोराने चॉकलेटसाठी लोळण घेतली तर ट्रॉली तिथेच सोडून जिन्यापाशी जाऊन बसा, सामान कुठे पळत नाही. लोक बघतात, सल्ले देतात, एखादी मावशी पर्समधून गोळीही काढते, त्यांच्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवा. माझं आहे, "हो, जरा वेळ लागेल त्याला." आणि आमच्यासारख्या बिल्डिंगमधे भिंतींना कान नाहीत, भिंतीच नाहीत म्हणा, शेजारच्यांना एकदा नीट सांगून टाकलंय की आवाज आला तर घाबरू नका, आम्ही आहोत.

आणि ते चॉकलेट. द्यायचंच असेल तर रडायच्या आधी द्या. वीस मिनिटं रडल्यावर दिलंत तर पोराला रेट कळतो, पुढच्या वेळी तो वीस मिनिटांचीच तयारी करून येतो. म्हणून मी नाही म्हणणं कमी केलं, कारण माझी निम्मी नाही उगाचचीच होती, पण जी म्हणते ती मग हलत नाही.

पायरी ५: गाडी थांबल्यावर

पाणी पिऊन झालं, श्वास जागेवर आला, चेहरा परत पोरासारखा दिसायला लागला, मग बोलायचं. कधी अर्ध्या तासाने, कधी रात्री दिवा मालवल्यावर, अंधारात मुलं जास्त बोलतात असा माझा अनुभव. तीनच गोष्टी: काय झालं होतं, तेव्हा काय वाटलं होतं, परत झालं तर काय करता येईल. आणि मोडलंय त्याची भरपाई. जबरदस्तीचं सॉरी मी मागायला लावत नाही, ते तोंडदेखलं असतं. धाकट्याने एकदा ताईचा महाराष्ट्राचा नकाशा टरकावला, प्रोजेक्टचा, दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, कोकण वेगळं आणि विदर्भ वेगळा. ती हुंदके देऊन रडतेय, हा ओशाळून हसतोय. जेवणं झाल्यावर त्याला सेलोटेप दिली आणि दोघं बसली चिकटवत, सिंधुदुर्ग तिरका चिकटला, पण सॉरी त्याने मधेच स्वतःहून म्हटलं, तिच्याकडे न बघता, टेप दाताने तोडता तोडता.

लिफ्टचं विचाराल तर गेल्या महिन्यात परत तेच झालं, डिलिव्हरीवाल्या दादाने सात दाबलं. पोरगं लालेलाल. मूठ मिटली. मग म्हणतो, "आई, मी हिरमुसलोय, बोलू नको." मी बोलले नाही. वर पोचल्यावर म्हणाला, "परत खाली जाऊया?" भाजीची पिशवी दाराला अडकवली, खाली गेलो, त्याने सात दाबलं, वर आलो. हे लाड आहेत असं कोणाला वाटेल तर वाटो, मागितलेलं होतं, ओरबाडलेलं नव्हतं.

पायरी ६: सराव, तोही बरं चालू असताना

राग आल्यावर "खोल श्वास घे" म्हणणं म्हणजे पुरात पडल्यावर पोहायला शिकवणं. हे आधी, मजेत असताना करायचं. आमच्याकडे ताटातल्या गरम वरण-भातावर फुंकर मारतो, हळू, लांब, वाफ हलली पाहिजे पण शीत उडता कामा नये. श्वास आत घेण्यापेक्षा सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके खरंच मंदावतात, आणि फुंकरीत ते आपोआप होतं. रोज पाच फुंकरा. महिन्याभराने रागात नुसतं "फुंकर?" म्हटलं की कधीकधी मारतो, कधी नाही मारत.

ज्याचे हात तापतात त्याला हाताचं काम द्या: कणीक तिंबणं, भिंत ढकलणं, ओला टॉवेल पिळणं. उशी बडवायला देतात काही जण, मला ते पटलं नाही, बडवायचाच सराव होतो. शांत कोपरा म्हणून वेगळी खोली कुठून आणणार, आमचा कोपरा म्हणजे कपाट आणि खिडकीच्या मधली दोन फूट जागा, तिथे एक गोधडी आणि ग्रिलवर बसणारी कबुतरं. तिथे शिक्षा म्हणून पाठवायचं नाही हा नियम. मीसुद्धा जाऊन बसते, आणि तेव्हा पोरंच म्हणतात, आईला आत्ता बोलू नका.

भूक, झोप, मोबाईल

अर्ध्या भावना म्हणजे झोप असते. तीन ते पाच वयाला चोवीस तासांत १० ते १३ तास, सहा ते बाराला ९ ते १२ तास झोप लागते. आपल्याकडे बाबा साडेनऊला येणार, मग जेवण, मग खेळ, अकरा वाजतात, आणि सकाळच्या शाळेला सहाला उठवायचं, करा हिशोब. आम्ही मुलांचं जेवण साडेसातला करून टाकलं, बाबांना भेट सकाळी. वाईट वाटतं, पण संध्याकाळचा निम्मा वैताग गेला.

रडणाऱ्या पोराच्या हातात फोन द्यायचा मोह मलाही होतो. तो गप्प होतो यात वादच नाही, पण स्वतःला सावरायची जी एक संधी होती ती गेली. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना तीन ते पाच वयाच्या मुलांत असं दिसलं की शांत करायला वारंवार फोन दिला जातो तिथे, विशेष करून मुलग्यांमधे, पुढे भावनांचा भडका जास्त. लांबच्या प्रवासात द्या हवा तर, पण रडला म्हणून नको.

रडू येतंय तर येऊ दे

रागाबद्दल सगळे लिहितात, दुःखाबद्दल थोडं. आमचा दीड दिवसाचा गणपती. गेल्या वर्षी कृत्रिम तलावावर मूर्ती पाण्यात गेली आणि धाकटा हमसून हमसून रडायला लागला. चार जण धावले, रडू नको, पुढच्या वर्षी येणारे ना, हा घे मोदक. मी म्हटलं, राहू दे. घरी आल्यावर वाळूची चिमूट ठेवलेला तो रिकामा पाट त्याने कोणाला उचलू दिला नाही, त्याच्या शेजारी उशी घेऊन झोपला. सकाळी उठून विचारतो, "त्याला तिकडे करमत असेल का?" त्याला दुःख झालं होतं, ते खरं होतं, आणि त्याला हसवून आपण फक्त आपली अस्वस्थता घालवली असती.

थोडी मोठी झाली की

नऊ-दहानंतर समोर बसवून विचारलं की मुलं बंद होतात. शेजारी शेजारी काम करताना विचारा, वाटाणे सोलताना, दुधाला जाताना, लोकलच्या खिडकीत. आणि लगेच उपाय सांगू नका. मी आता थोरलीला विचारते, "नुसतं ऐकू की काही सुचवू?" दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, नुसतं ऐक.

आजी-आजोबांशी भांडू नका, आमच्या आईंचं "बुवा येईल, पोलीस नेईल" मी एकदाच बंद करायला सांगितलं, तेही एकांतात, "आई, तुम्ही असं म्हणालात की तो रात्री दचकतो." त्यांनी सोडलं. बदल्यात त्यांचे शब्द मी घेतले.

घरचं पुरत नाही तेव्हा

पाच वर्षांनंतरही रोज थयथयाट, स्वतःला किंवा इतरांना इजा, शाळेला जायला आठवडे-आठवडे नकार, दोन आठवड्यांहून जास्त उदास, खाणं-झोप बिघडलेली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू, किंवा मरण्याबद्दल बोलणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, आणि शेवटचं दिसलं तर त्याच दिवशी. बोलायला उशीर झालेली मुलंही जास्त चिडतात कारण सांगताच येत नाही, त्यांचे कान आणि बोलणं आधी तपासा. सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, रांग असते, सकाळी लवकर जा, वेड्यांकडे नेलं असं घरात कोणी म्हटलं तर म्हणू दे. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ मधे सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि पोराला कोणी त्रास देतंय अशी शंका असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८. दोन्ही नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेत, गॅसवाल्याच्या आणि दूधवाल्याच्या नंबरांच्या मधे, मुलांना वाचता येतील एवढ्या खाली.